बापूंची यशिका आणि गोव्याचा पावसाळा: इथे रेंजफाइंडरवाले कोणी आहेत का?

माटोळी | १२ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मृग लागला की आमच्याकडे (फोंडा तालुका, जुनं कौलारू घर, मातीच्या भिंती) एकेक कपाट रिकामं करून, पुसून, पुन्हा भरायचा नेम आहे. यंदा बापूंच्या, म्हणजे माझ्या थोरल्या काकांच्या, कपाटाच्या तळाशी डांबरगोळ्या आणि जुन्या धोतरांखाली चामड्याच्या पेटीत एक कॅमेरा सापडला. यशिका इलेक्ट्रो ३५, खाली बारीक अक्षरांत जीएसएन. रेंजफाइंडर जातीचा, म्हणजे लेन्समधून नाही तर बाजूच्या खिडकीतून बघून फोकस करायचा. बापू कुवेतला होते तेव्हा, १९७५ च्या सुमारास, त्यांनी तो घेतला. आमच्या घरातली सगळी लग्नं, मुंजी, माझं बारसं, पालखीचे फोटो ह्याच कॅमेऱ्यातले. पुढे सोप्या हॉटशॉट कॅमेऱ्यांचा जमाना आला आणि हा कपाटात गेला तो गेलाच.

अवस्था सांगते. चामड्याच्या पेटीवर पांढरी बुरशी, बोट फिरवलं की पिठासारखी निघते. सेल आतच राहून हिरवा झालेला. मागचं झाकण उघडलं तर कडेचा स्पंज डांबरासारखा वितळलेला, बोटाला चिकटला तो साबणाने निघेना. लेन्समधून उजेडाकडे बघितलं तर एका कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बटण दाबलं की ‘टिक्’ होतं, पण नेहमी एकसारखंच.

पणजीत एका दुकानात दाखवला. काउंटरवरच्या मुलाने हातातही न घेता सांगितलं, “शोकेसमध्ये ठेवा मॅडम, छान दिसेल.” मला राग आला. म्हणून हा धागा. दुरुस्त होईल का? करण्यात अर्थ आहे का? आणि खिडकीत मध्येच दिसणारा तो पिवळट चौकोन नेमका काय प्रकार आहे?

डिचोलीकर | १२ जून, रात्री १०:०५

फोटो टाका आधी! कॅमेऱ्याचा. आणि बापूंनी काढलेला एखादाही.

रापणकार | १२ जून, रात्री ११:३०

माटोळीताई, त्या शोकेसवाल्याकडे पुन्हा जाऊ नका. कॅमेरा मेलेला वाटत नाही, उपाशी आहे. इलेक्ट्रोचं शटर विजेवर चालतं. सेल नसला की तो एकाच वेगाने, १/५०० ला, उघडतो. तुमचं ‘एकसारखं टिक्’ म्हणजे तेच.

मूळ ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही. ६ व्होल्टचा ४एलआर४४ आणायचा. तो अंगाने बारीक, म्हणून कागदाची गुंडाळी करून त्यात बसवायचा आणि उरलेल्या जागेत स्प्रिंग किंवा फॉइलचा गोळा. व्होल्टच्या एवढ्याशा फरकाने ह्या कॅमेऱ्याचं काही बिघडत नाही. आधी सेलच्या खोबणीतला हिरवा थर कापसाच्या बोळ्याला व्हिनेगर लावून पुसा. थेंब आत जाऊ देऊ नका. मग कोरड्या बोळ्याने.

नंतर एक कसोटी. कान जवळ नेऊन रोल पुढे नेणारा दांडा ओढा. ‘थडक्’ असा जाड आवाज आला तर नशीब थोर. नाही आला तर आतला रबराचा इवलासा तुकडा झिजून गेलाय, ह्या मॉडेलची ही जगप्रसिद्ध खोड. बटण अर्धं दाबल्यावर वर पिवळा किंवा लाल दिवा लागतो का तेही बघा. पिवळा म्हणजे उजेड कमी, हात स्थिर ठेवा. लाल म्हणजे उजेड जास्त, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) बारीक करा. दोन्ही विझलेले म्हणजे बिनधास्त दाबा. सुई नाही, आकडे नाहीत. बापूंसारख्या माणसाने आयुष्यभर लग्नं काढली ती ह्या दोन दिव्यांच्या जोरावर.

स्पंज सगळा खरवडून काढा आणि खाचेत काळी लोकर बसवा. स्वेटरचा धागा चालतो. मी मडगावच्या घरी तीन कॅमेऱ्यांत तेच केलंय.

आणि ती चामड्याची पेटी आजच्या आज वेगळी करा. चामडं ओल धरून ठेवतं, बुरशीला त्याहून चांगलं घर नाही.

माटोळी | १३ जून, सकाळी ७:१५

थडक् आला!!! (सेल अजून आणायचा आहे. पण दांडा ओढल्यावर अगदी तुम्ही लिहिलंत तसा आवाज.) बापू आतल्या खोलीतून ओरडले, “कोण वाजवता तो?” ऐंशी वर्षांचा माणूस, एरवी दारावरची बेल ऐकू येत नाही.

पानवेल | १३ जून, सकाळी ९:५०

पुण्याहून हजेरी. पिवळ्या चौकोनाबद्दल लिहितो, कारण त्यावर कोणी बोललं नाही.

हात लांब करून अंगठा धरा आणि एकेक डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. अंगठा जवळ आणला की उडी मोठी. रेंजफाइंडर हेच करतो. कॅमेऱ्याच्या पुढे दोन खिडक्या असतात, एकीतून तुम्ही बघता, दुसरीतलं चित्र आरशावरून येऊन अर्धपारदर्शक काचेवर पहिल्या चित्रात मिसळतं. तो मिसळलेला भाग म्हणजे तुमचा पिवळट चौकोन. लेन्सची कडी फिरवली की आतला दांडा आरसा किंचित वळवतो. चौकोनातल्या दोन प्रतिमा एकीवर एक बसल्या की लेन्स नेमकी तिथे फोकस झाली. बस्स. दोन खिडक्यांमधलं अंतर जितकं जास्त, तितकं माप अचूक. लायका एम३ ह्या जर्मन कॅमेऱ्यात ते सुमारे ६९ मि.मी. आहे आणि खिडकीतून वस्तू जवळजवळ तिच्या खऱ्या आकाराची दिसते, ०.९१ पट. दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढता येतो. एकदा तो हातात घेतला की माणूस कामातून जातो. मी गेलो. जमिनीचा तुकडा विकावा लागेल अशा किमती आहेत, म्हणून फक्त मित्राचा हातात घेतो.

थोडा इतिहास. लायका बाजारात आला १९२५ साली, पण त्यात अंतर डोळ्याने अदमासायचं. लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर १९३२ मध्ये आला, लायका २ आणि त्याच साली झाइसचा कॉन्टॅक्स. बघायची खिडकी आणि फोकसची खिडकी एकच, हे १९३६ च्या कॉन्टॅक्स २ ने केलं. एम३ १९५४ चा. आणि १९५९ मध्ये निकॉन एफ आला तेव्हा ह्या सगळ्यांचे दिवस भरत आले. आरशातून थेट लेन्समधलं दिसायला लागल्यावर बाजूच्या खिडकीतून बघायला कोण थांबणार?

घुमट | १३ जून, दुपारी १:२०

एक प्रामाणिक शंका. रोल, धुणं, स्कॅन मिळून हजाराच्या वर जातात, हाती छत्तीस फोटो, त्यातले तीस वाया. फोन खिशात आहे. “संयम शिकवतो”, “प्रत्येक क्लिक मोलाची” ही वाक्यं न वापरता कोणी सांगेल का की ह्या डब्यात आहे तरी काय? निकॉन एफसमोर तो हरला असं पानवेलच लिहितायत.

रापणकार | १३ जून, रात्री १०:४५

घुमटबाबा, प्रश्न रास्त आहे. संयमाचं म्हणाल तर माझ्यात तो कधीच नव्हता, कॅमेऱ्याने शिकवलाही नाही.

माशेलच्या चिखलकाल्याचं सांगतो. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, देवकीकृष्णाच्या देवळापुढचं मैदान. गेल्या वर्षी आदल्या रात्रीपासून पाऊस, मैदानाचा पार लगदा झालेला. पोरं अंगाला तेल चोपडून आलेली, चेंडूफळी, चक्र, एकमेकांवर उड्या, आणि काठावर आयाबाया हसत उभ्या. माझ्याकडे कॅननचा रेंजफाइंडर, कॅनोनेट क्यूएल१७, जी३, ४० मि.मी. लेन्सचा. आरशाच्या कॅमेऱ्यात किंवा फोनमध्ये चौकटीत आहे तेवढंच दिसतं, बाकी जग काळं. रेंजफाइंडरच्या खिडकीत चौकट ही फक्त एक उजळ रेघ असते आणि तिच्या बाहेरचंही थोडं दिसत राहतं. मी मधल्या दोघा पोरांवर फोकस करून उभा होतो आणि डाव्या रेघेबाहेर एक तिसरा दिसला, पाचेक वर्षांचा, चड्डी एका हाताने धरून धावत येणारा. तो अजून फोटोत नव्हता. येणार हे मला आधी कळलं. रेघ ओलांडली, दाबलं. आणि दाबतानाही तो मला दिसत होता, कारण इथे आरसा वर उडत नाही, खिडकी काळी होत नाही. त्या क्षणाला त्याचे डोळे मिटले होते हे घरी यायच्या आधी, तिथेच, ठाऊक झालं. म्हणून लगेच दुसरा काढला.

एवढंच. फोटोबाहेरचं दिसणं. मला त्यासाठी पैसे मोजायला परवडतात, तुम्हाला पटावं असं नाही.

शिवाय लेन्सच्या पोटातलं पानांचं, म्हणजे बारीक पात्यांचं, शटर. आवाज म्हणजे सुपारी कातरल्याएवढा. देवळात, कीर्तनात कोणी मान वळवत नाही.

तोटेही सांगतो. जवळचं जमत नाही, माझ्या कॅनोनेटची मजल ८० सेंटिमीटरपर्यंत. फुलं, किडे, ताटातली माशांची कढी ह्यांच्या नादी लागू नये. दुसरं म्हणजे लेन्सचं झाकण. खिडकी वेगळी असल्याने झाकण तसंच राहिलं तरी समोर सगळं छान दिसतं. कॅनोनेटचा उजेड मोजणारा डोळा लेन्सच्याच कडीत आहे, त्यामुळे निदान सुई हलत नाही आणि शंका येते. इलेक्ट्रोचा तो डोळा वर अंगावर आहे. तो काही बोलणार नाही. माटोळीताई, झाकण फेकून द्या.

डिचोलीकर | १४ जून, सकाळी ८:३०

झाकण फेकून द्या हे पानांच्या शटरवाल्यांना ठीक. माझ्याकडे झॉर्की ४ हा सोव्हिएत रेंजफाइंडर आहे, त्याचं शटर कापडाचं. समुद्रावर नेला होता, लेन्स उघडी, फोकस अनंतावर, गळ्यात लटकवून दुपारभर. भिंगाने कागद जाळतो तसं झालं. पुढच्या रोलच्या निम्म्या फोटोंवर एकाच जागी पांढरा ठिपका. पडद्याला टाचणीएवढं भोक. काळ्या लवचिक रंगाचा ठिपका देऊन बुजवलं, चाललंय. त्यामुळे कापडी पडदेवाल्यांनो, झाकण लावा, आणि मग रापणकारांच्या यादीत या.

झॉर्कीचा अजून एक नेम: आधी रोल पुढे नेणारी चावी फिरवायची, मगच शटरचा वेग बदलायचा. उलट केलंत तर आतलं दातेरी चक्र बिघडू शकतं. मी पाटी लिहून कॅमेऱ्याच्या बुडाला चिकटवलीय, बायको म्हणते औषधाच्या बाटलीसारखी दिसते.

अवांतर: किनाऱ्यावरच्या एका बाजारात एकाने मला “जर्मन वायुदलाचा लायका” दाखवला होता. वर गरुड कोरलेला, पितळ चकचकीत. किंमत ऐकून मी बसलोच. लेन्स काढून द्या म्हटलं. आत फोकसचा जो दांडा लेन्सला टेकतो, त्याच्या टोकाला खऱ्या लायकात गोल चाक असतं. ह्याच्यात पाचरीसारखा तुकडा. म्हणजे फेड किंवा झॉर्की, वरून नक्षी. गंमत म्हणजे फेड हा काही टाकाऊ कॅमेरा नव्हे. खारकीव्हच्या अनाथ मुलांच्या कम्युनमध्ये १९३४ पासून लायकाची नक्कल बनायची, तोच हा. स्वतःच्या नावाने विकला असता तर मी घेतलाही असता.

माटोळी | १४ जून, दुपारी ३:००

सेल बसवला, दोन्ही दिवे लागतात! आता बुरशी. आईचं म्हणणं, तांदळाच्या डब्यात ठेव, ओल ओढून घेतो. ठेवू?

आदोळी | १४ जून, दुपारी ३:२५

नको गं! तांदळाची पूड लेन्सच्या कड्यांत जाते आणि वर पोरकिडे फुकट. हवाबंद प्लास्टिकचा डबा घे, रबरी कडेचा, आणि त्यात सिलिका जेल. रंग बदलणारं घे, निळ्याचं गुलाबी झालं की ओल भरली. तव्यावर मंद आचेवर परतलं की पुन्हा निळं. आमच्या म्हापशात जुलैमध्ये मला दर आठ-दहा दिवसांनी परतावं लागतं, शेंगदाण्यांसारखं. डब्यात आर्द्रतेचा छोटा मीटर टाक, काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. अगदी शून्यावर नेऊ नकोस, आतलं वंगण सुकतं.

रापणकार | १४ जून, रात्री ९:१०

+१. आणि लेन्समधलं जाळं स्वतः उघडायला जाऊ नका. बुरशी नुसती वरवर असेल तर पुसून निघते. काचेवरच्या लेपात तिने मुळं रोवली असतील तर डाग कायमचा. पण कोपऱ्यातल्या एका जाळ्याने फोटोत काही दिसत नाही, सूर्य समोर घेतला तरच थोडं धुरकट. मुंबईला फोर्टात अजून काही जुने मेकॅनिक बसतात, कोणी जात असेल तर त्यांच्या हाती पाठवा.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वापरणं. अंधार, ओल आणि बंद हवा ही बुरशीची तीन सुखं. दर रविवारी बाहेर काढून दांडा ओढा, सगळ्या कड्या फिरवा. माझा कॅनोनेट चाळीस पावसाळे बघून स्वच्छ आहे आणि त्याच्या शेजारची, “जपून” ठेवलेली महागडी लेन्स दुधाळ झाली.

माटोळी | ५ ऑगस्ट, रात्री ९:००

रविवारचा नेम चालू आहे. मेकॅनिककडून लेन्स साफ होऊन आली, एक बारीक ठिपका राहिलाय. पहिला रोल टाकला. आनंदाने काढत सुटले: दिवाडीची फेरीबोट, पणजीतल्या फोंतेन्हासच्या भिंती, शेजारणीचं मांजर. छत्तीस झाले तरी रोल संपेना. मला वाटलं, बरकत आहे यशिकाला.

धुतल्यावर कोरा. पूर्ण कोरा.

पानवेल | ५ ऑगस्ट, रात्री ९:१२

😅 फिल्मची जीभ गुंडाळणाऱ्या रिळाच्या खाचेत बसलीच नव्हती. दांडा ओढताना डावीकडची गुंडाळायची कळ उलटी फिरते का ते बघायचं असतं. फिरली तर फिल्म पुढे जातेय. आम्ही सगळ्यांनी एकदा हे केलंय, फरक एवढाच की मी लग्नात केलं. मित्राच्या. अजून बोलत नाही.

घुमट | ५ ऑगस्ट, रात्री ९:३०

हजार रुपयांत शून्य फोटो. माझा मुद्दा संपला.

रापणकार | ५ ऑगस्ट, रात्री १०:२०

घुमट, तुम्ही धागा सोडून मात्र जात नाही हां.

मी पहिला रोल घालवला तो आगफा क्लिक ३ मध्ये, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’. वडिलांनी महिनाभर दुसरा आणून दिला नाही. माटोळीताई, तुम्ही उद्याच आणा.

आदोळी | ६ ऑगस्ट, सकाळी ७:४५

पुढचा रोल कृष्णधवल आण आणि माझ्याकडे दे, मी न्हाणीत धुते. एचपी५ फिल्म असेल तर डी-७६ रसायनात २० अंशांना साडेसात मिनिटं. आता आपल्याकडे नळाला २० अंश कुठून येणार? सत्तावीस-अठ्ठावीस असतं. तसंच धुतलं तर वेळ इतका कमी करावा लागतो की रसायन सगळीकडे सारखं लागत नाही, आभाळावर पट्टे येतात. म्हणून मी घमेल्यात बर्फ टाकून त्यात बाटल्या उभ्या करते. शेवटच्या धुण्याचं पाणीही त्याच तापमानाचं हवं, गारातून एकदम गरमात गेली की फिल्मचा थर चिरमटतो. खरा वैताग वाळवण्याचा. पावसात रात्रभर ओलीच राहते. न्हाणीचं दार लावून टाकते, घरातल्यांनी मागच्या विहिरीवर जावं.

माटोळी | ३ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

चवथीला काढलेला रोल आदोळीताईंनी धुऊन, स्कॅन करून पाठवला. तेहेतीस फोटो आलेत!! (तीन वेळा झाकण. रापणकारदादा, फेकलं आता.)

बहुतेक माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीचे) आहेत, आयडीला जागले. खोलीत एक ट्यूब आणि समया, बाहेर काळोख करून पाऊस. लेन्स १.७ वर पूर्ण उघडी, पिवळा दिवा पेटलेला, श्वास धरून दाबलं. कांगल्या, आंबाडे, तोरिंगं, मागे सुपारीचा कातरो (घड), वर कौलांतून येणारा थोडा उजेड. ते काळं-पांढरं बघून मी दोन मिनिटं बोललेच नाही.

बापूंना मोबाइलवर दाखवले. त्यांनी दोन बोटांनी मोठा केला, चष्मा वर सरकवला, परत मोठा केला. मला वाटलं आता डोळे भरून येणार. तर म्हणाले, “आंबाडे काढलेस, पण फोकस फाटल्या सुपाऱ्यांचेर गेला गो.”

(फाटल्या म्हणजे मागच्या.) बघते तर खरंच. आणि एकाच नाही, जवळून काढलेल्या सगळ्यांत. मी चौकोनात प्रतिमा नीट जुळवल्या होत्या, शप्पथ.

घुमट | ३ सप्टेंबर, संध्याकाळी ६:५०

तिसरा फोटो, समईच्या उजेडात आजी बसलेली. तो फोनवर आला नसता. लिहून ठेवा, पुन्हा म्हणणार नाही.

रापणकार | ३ सप्टेंबर, रात्री ८:१५

बापूंचा डोळा शाबूत आहे. माटोळीताई, तुमची चूक नाही, रेंजफाइंडर हलला असणार. प्रवासात धक्के बसले की आरसा जागचा सरकतो. कडी अनंतावर नेऊन लांबची वस्तू बघा, किलोमीटरभर तरी लांबची. टेकडीवरचा मनोरा, डोंगराची धार, काहीही. चौकोनात दोन प्रतिमा तंतोतंत एक झाल्या पाहिजेत. आडव्या सरकलेल्या दिसल्या की उभ्या, तेवढं कळवा, मग कुठला स्क्रू ते सांगतो. न बघता काही उघडू नका.

माटोळी | ४ सप्टेंबर, सकाळी ८:४०

आत्ताच गच्चीवर जाऊन आले. पाऊस इतका आहे की समोरचा डोंगरच दिसत नाही. उघडला की कळवते.